बैलघोडा हॉस्पिटल आणि गोड गोळ्या

परळच्या डॉ. एस. एस. राव रस्त्यावर बैलघोडा हॉस्पिटल आहे. तिथे कुत्र्यामांजरांना मांडीवर घेऊन नंबराची वाट बघत बसलेल्या माणसांच्या गप्पांत एक मुद्दा हमखास निघतो. 'माणसाला नुसत्या विश्वासानं बरं वाटू शकतं हो. पण मुक्या जनावराला काय कळतंय कसली गोळी दिली ते? तरी त्याला गुण येतोच की. म्हणजे औषधात काहीतरी असणारच!' बोलणं होमिओपॅथीबद्दल चाललेलं असतं. गिरगाव-दादरच्या कितीतरी मराठी घरांत साबुदाण्यासारख्या गोळ्यांच्या बाटल्या कपाटात असतातच. मुलाला मार लागला की आर्निका, पोट बिघडलं की नक्स व्होमिका. घरात कुत्रा आला की त्याच बाटलीतल्या चार गोळ्या त्याच्याही जिभेवर पडतात. त्या गोड असतात, त्यामुळे कुत्रा खुशीनं चाटून घेतो.

मुद्दा ऐकताना बिनतोड वाटतो, म्हणूनच तो नीट तपासून पाहायला हवा. त्याच्या मागोमाग आणखी एक प्रश्न येतो आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. जनावराला ही गोळी द्यायची कुणी? माणसांचे होमिओपॅथ कॉलेजात शिकतात, परीक्षा देतात, परिषदेकडे नोंदणी करतात. जनावरांचा होमिओपॅथ कुठे घडतो?

जनावरांची होमिओपॅथी ही काही अलीकडच्या प्राणिप्रेमातून निघालेली टूम नव्हे. सॅम्युएल हानेमान यांचा मूळ ग्रंथ 'ऑर्गेनॉन' १८१० सालचा. जो पदार्थ निरोगी शरीरात एखादं लक्षण निर्माण करतो, तोच अत्यल्प मात्रेत दिला तर ते लक्षण बरं करतो, हे त्यातलं मुख्य सूत्र. पुढच्या काही वर्षांतच, लाइपझिगला असताना, हाच नियम जनावरांनाही लागू पडतो असं त्यांनी एका व्याख्यानात मांडलं. त्याच शहरातल्या योहान जोसेफ विल्हेल्म लुक्स या पशुवैद्यानं ते मनावर घेतलं. गुरांमध्ये बुळकांडी आणि काळपुळी पसरली आहे, काही औषध आहे का, अशी विचारणा त्याच्याकडे हंगेरीतून झाली. बुळकांडी झालेल्या जनावराच्या नाकातला स्राव आणि काळपुळी झालेल्या जनावराचं रक्त घ्या, ते पायरीपायरीनं तीस वेळा विरल करा आणि तेच आजारी गुरांना द्या, असं त्यानं सुचवलं. १८३३ मध्ये त्यानं हा विचार छापून प्रसिद्ध केला. होमिओपॅथीत ज्यांना 'नोसोड' म्हणतात ती औषधं या वाटेनं आली. आज माणसांसाठी वापरल्या जाणाऱ्या नोसोडचं एक मूळ गुरांच्या गोठ्यात आहे.

लुक्स स्वतः शिकलेला पशुवैद्य होता, हे मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखं आहे. बुळकांडी ओळखायची कशी, काळपुळीनं मेलेल्या जनावराचं रक्त कसं दिसतं, हे त्याला आधी येत होतं. औषधाची पद्धत त्यानं नंतर निवडली. बुळकांडीचा शेवट मात्र त्या औषधानं झाला नाही. ती गेली लसीनं. गावोगाव, देशोदेशी टोचत गेल्यावर २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. देवीनंतर पृथ्वीवरून समूळ गेलेला हा दुसरा रोग.

आता मुंबईकडे येऊ. या शहराचं जनावरांशी असलेलं नातं जुनं आहे आणि भांडणातून सुरू झालेलं आहे. १८३२ मध्ये सरकारनं रस्त्यावरची कुत्री मारायला सुरुवात केली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि मोठी दंगल झाली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, सर जमशेटजी जिजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकारानं भुलेश्वरला पांजरापोळ उभा राहिला. गिरगावकरांना तो अजून शेजारचाच वाटतो. तिथे निवारा होता, चारा होता. पण उपचारांचं शास्त्र शिकलेली माणसं शहरात फारशी नव्हती, आणि शहर तर जनावरांच्याच जिवावर चाललं होतं. मे १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम धावू लागली आणि विजेची ट्राम येईपर्यंत, म्हणजे १९०७ पर्यंत, ती घोड्यांनीच ओढली. गिरण्यांचा कापूस बैलगाड्यांतून यायचा. दुधाच्या म्हशी भरवस्तीतल्या तबेल्यांत बांधलेल्या असायच्या. त्या शहराबाहेर गेल्या त्या १९४९ मध्ये आरे कॉलनी झाल्यावर.

१८७४ मध्येच प्राण्यांवरचा जुलूम रोखण्यासाठी मुंबईत संस्था स्थापन झाली आणि पुढच्या दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावानं जनावरांचं रुग्णालय उभं राहिलं. एवढं लांबलचक नाव कोण घेणार? लोकांनी 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणायला सुरुवात केली आणि बैल गेले, घोडे गेले, तरी नाव टिकलं. याच आवारात १८८६ मध्ये मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. आज भारतात असलेल्या पशुवैद्यक महाविद्यालयांत हे सर्वांत जुनं.

पहिले प्राचार्य जे. एच. स्टील. त्यांची एक हकिकत या विषयाला अगदी लागू आहे. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यांना डेरा इस्माईल खान इथे सर्रा नावाचा रोग झालेल्या घोड्या-उंटांच्या रक्तात वळवळणारा एक सूक्ष्म जीव दिसला. हा रोगाचं कारण आहे असं त्यांचं म्हणणं, पण वरिष्ठांना ते पटेना. १८८५ मध्ये ब्रह्मदेशात लष्कराची खेचरं एका अनोळखी तापानं मरू लागली, तेव्हा स्टील यांना तिकडे पाठवण्यात आलं. त्यांनी रक्ताचा थेंब काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्यांना तोच जीव दिसला. त्याला त्यांनी इव्हान्स यांचं नाव दिलं. जीव नेमका कुठल्या गटातला हे ठरवण्यात ते चुकले, पण 'इव्हान्सी' हे नाव आजही चालू आहे. दुसऱ्याच वर्षी ते परळला प्राचार्य झाले. म्हणजे या कॉलेजचा पहिला मास्तर रोगाचं नाव घेण्याआधी रक्त तपासणारा होता. १८९१ मध्ये पस्तिशीतच ते वारले, पण तपासल्याशिवाय बोलायचं नाही ही शिस्त त्यांनी परळला लावून दिली.

जनावरांच्या वैद्यकात या शिस्तीला पर्यायच नाही, कारण इथला रुग्ण काही सांगत नाही. एक उदाहरण जरा जवळून पाहू. घरातला बोका सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कुंथतोय, मधूनच ओरडतोय. घरच्यांना वाटतं, पोट साफ होत नसेल. कपाटातली नक्स व्होमिकाची बाटली निघते. दुसऱ्या दिवशी बोका खात नाही, कोपऱ्यात जाऊन बसतो, ओकतो. परळच्या ओपीडीतला डॉक्टर सगळ्यात आधी त्याच्या पोटाखालून हात घालून मूत्राशय चाचपतो. ते फुगून कडक झालेलं असतं. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट साका अडकला की लघवी पूर्ण तुंबते. मग मूत्रपिंडं थांबतात, रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि हृदयाची लय बिघडते. दोन-तीन दिवसांत मांजर दगावतं. उपाय असा: गुंगी द्यायची, बारीक नळी घालून मार्ग मोकळा करायचा आणि शिरेतून सलाइन लावायचं. वेळेत झालं तर तोच बोका दोन-चार दिवसांत घरी जातो. गोळ्यांनी त्याला विषबाधा झाली नव्हती. त्या साखरेच्या होत्या, निरुपद्रवी होत्या. त्यांच्यापायी दीड दिवस गेला, आणि तेवढ्यानं मांजराचा जीव जाऊ शकतो.

हे हातानं चाचपून ओळखणं जिथे शिकवलं जातं ती पदवी म्हणजे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. एक वर्षाच्या इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षांची. परळचं कॉलेज आता नागपूरच्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली येतं. शरीररचना शिकायची तर एका शरीराची शिकून भागत नाही. गाय, म्हैस, घोडा, शेळी, डुक्कर, कुत्रा, कोंबडी, सगळ्यांची शिकावी लागते. गाईच्या पोटाचे चार कप्पे आणि घोड्याचं एकच पोट. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे त्याची पोटदुखी जिवावर बेतते. माणसाला रोज चालणारी पॅरासिटामॉल मांजराला मारते, कारण ती निकामी करणारी यंत्रणा त्याच्या यकृतात फार तोकडी आहे. अशा हजार गोष्टी डोक्यात बसल्याशिवाय जनावराला औषध देणं म्हणजे अंदाजपंचे कारभार.

या अभ्यासक्रमात होमिओपॅथीचा विभाग नाही आणि तिची पदवीही नाही. दुसऱ्या बाजूला बी.एच.एम.एस. ही होमिओपॅथीची पदवी. तीही साडेपाच वर्षांची, तीही इंटर्नशिपसकट, आणि महाराष्ट्रात दोन्हीकडचा प्रवेश 'नीट' या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरच होतो. तिथे मटेरिया मेडिका शिकवतात, रेपर्टरी शिकवतात, पण शरीर शिकवतात ते माणसाचं. एकाच रांगेतून निघालेली दोन मुलं साडेपाच वर्षांनी बाहेर पडतात तेव्हा एकाला जनावर माहीत असतं, दुसऱ्याला ती औषधं माहीत असतात. दोन्ही शिकवणारी वाट या शिक्षणव्यवस्थेत आखलेलीच नाही.

कायदा मात्र पुरेसा स्पष्ट आहे. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या कलम ३० प्रमाणे जनावरांवर उपचारांचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यालाच करता येतो. पशुधन पर्यवेक्षकासारख्या पदविकाधारकांना राज्य सरकार किरकोळ सेवांची परवानगी देऊ शकतं, तीही पशुवैद्याच्या देखरेखीखाली. होमिओपॅथीचं शिक्षण आणि नोंदणी २०२० च्या राष्ट्रीय होमिओपॅथी आयोग कायद्याखाली येते आणि त्या नोंदणीनं जनावरांचा दवाखाना थाटायचा हक्क मिळत नाही. तेव्हा माणसांचा नावाजलेला होमिओपॅथ शेजाऱ्याच्या लॅब्रेडॉरला बाटली देतो ते सद्भावनेनं देत असेल, पण त्यामागे ना शिक्षण असतं, ना परवाना. परळचा पदवीधर तीच बाटली देतो तेव्हा परवाना असतो, निदानही असतं, पण ते औषध तो कुठून शिकलेला असतो? पुस्तकांतून, एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडून, औषध कंपनीच्या माहितीपत्रकातून. शिकवणारं, परीक्षा घेणारं आणि चुकल्यास कान धरणारं कुणी नसतं.

युरोपातल्या काही संघटनांनी हा प्रश्न एका साध्या नियमानं सोडवला: आधी पशुवैद्य व्हा, मग होमिओपॅथी शिका. जॉर्ज मॅक्लाउड या ब्रिटिश पशुवैद्यानं गाई, घोडे, कुत्रे यांच्यासाठी वेगवेगळी पुस्तकं लिहिली आणि ती जगभर वाचली गेली. ब्रिटनची 'फॅकल्टी ऑफ होमिओपॅथी' पशुवैद्यांसाठी स्वतंत्र परीक्षा ठेवते. १९८६ मध्ये लक्झेंबर्गला 'इंटरनॅशनल असोसिएशन फॉर व्हेटरिनरी होमिओपॅथी' स्थापन झाली, तिचं प्रमाणपत्रही पशुवैद्याच्या पदवीवरच उभं आहे. अशा संघटनेत लोक एकमेकांना केस दाखवतात आणि 'तुझं निदानच चुकलंय' असं बरोबरीच्या माणसाकडून ऐकून घेतात. व्यावसायिक समाज असतो तो याचसाठी.

पण तिकडेही सगळं मिटलेलं नाही. ब्रिटनमधल्या पशुवैद्यांच्या रॉयल कॉलेजनं नोव्हेंबर २०१७ मध्ये निवेदन काढलं: होमिओपॅथी ठोस शास्त्रीय तत्त्वांवर आधारलेली नाही, आणि अशा उपचारांना मान्य उपचारांच्या जागी बसवू नये, फार तर सोबत द्यावं. होमिओपॅथी करणारे पशुवैद्य त्यावर नाराज झाले. जर्मनीत उलटं घडलं. माणसांसाठीची होमिओपॅथिक औषधं जनावरांना द्यायची तर पशुवैद्यच हवा, असा नियम तिथल्या नव्या कायद्यानं केला. पशुवैद्य नसलेले उपचारक न्यायालयात गेले आणि २०२२ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं, ज्या जनावरांपासून अन्न मिळवलं जात नाही त्यांच्यापुरता, तो नियम रद्द केला. व्यवसायस्वातंत्र्यावरचा बोजा अवाजवी आहे, असं न्यायालयाचं म्हणणं. मला हा निकाल पटत नाही. औषध निरुपद्रवी असलं म्हणून निदान न होणं निरुपद्रवी ठरत नाही, हे त्या बोक्याच्या उदाहरणात आपण पाहिलंच.

आता रांगेतल्या त्या मुद्द्याकडे वळू: जनावराला भ्रम कसा होईल?

भाद्रपदात लालबागमध्ये ढोल-ताशे, डीजे आणि फटाके एकदम सुरू होतात तेव्हा चाळीतली कुत्री पलंगाखाली शिरतात, थरथरतात, लाळ गाळतात. दिवाळीत पुन्हा तेच. घाबरलेल्या कुत्र्यासाठी अ‍ॅकोनाइट देणारी घरं आहेत आणि 'आमच्या ब्रूनोला फरक पडतो' असं ती मनापासून सांगतात. हाच प्रयोग इंग्लंडमध्ये शास्त्रीय पद्धतीनं झाला. फटाक्यांना घाबरणारी ७५ कुत्री घेतली. काहींना होमिओपॅथिक औषध दिलं, काहींना हुबेहूब तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. कुणाला काय मिळालं हे मालकांना माहीत नव्हतं आणि संशोधकांनाही नव्हतं. २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: मालकांच्या मते दोन्ही गटांतली कुत्री बरीच सुधारली, पण दोन गटांत फरक आढळला नाही. खोट्या बाटलीवाल्यांनाही 'फरक पडला' होता.

याचा अर्थ काय? कुत्र्याला भ्रम झाला असं मानायची गरज नाही. कुत्र्याकडे बघणारा माणूस आहे ना. औषध दिल्यावर माणसाची धडधड कमी होते, तो कुत्र्याला जवळ घेतो, खिडक्या लावतो, आणि 'मागच्या वर्षीपेक्षा बरं आहे' असं त्याला खरोखरच वाटतं. पुढे अमेरिकेत संधिवाताच्या कुत्र्यांवर आणखी नेमका अभ्यास झाला. पाय किती जोरानं टेकतो हे जमिनीतल्या यंत्रानं मोजलं. यंत्रात सुधारणा दिसली नाही, तरी खोटं औषध घेणाऱ्या अनेक कुत्र्यांचं लंगडणं कमी झाल्याचं मालकांनी नोंदवलं, आणि कुत्र्याला तपासणाऱ्या पशुवैद्यांचीही तशीच फसगत झाली. शिकलेला डोळाही फसतो, म्हणून तर मोजायचं.

दुसरं कारण आहे रोगाची स्वतःची चाल. महाराष्ट्रात होमिओपॅथीवर फारसा विश्वास नसलेले पशुवैद्यही एक औषध सर्रास लिहून देतात: थूजा, चामखिळीसाठी. लहान कुत्र्याच्या ओठांवर, जिभेवर, हिरड्यांवर फुलकोबीच्या तुऱ्यांसारख्या चामखिळी येतात. बघून मालकाच्या पोटात गोळा येतो, त्याला कॅन्सरच वाटतो. थूजा सुरू होतं आणि दीड-दोन महिन्यांत चामखिळी गळून पडतात. पण या चामखिळी एका विषाणूनं येतात, आणि पिल्लाच्या रोगप्रतिकारशक्तीला विषाणूची ओळख पटली की बहुतेक वेळा त्या आपोआप जातात, कधी महिन्याभरात, कधी चार-पाच महिन्यांत. वासरांच्या मानेवरच्या चामखिळींचंही बहुधा तसंच होतं. तेव्हा थूजा दिलं आणि चामखिळी गेल्या, एवढ्यावरून थूजानं त्या घालवल्या असं ठरत नाही. न देता त्या किती दिवसांत जातात हे शेजारी मांडून पाहिलं तरच ठरतं.

औषधाच्या विरलतेचा प्रश्नही टाळता येणार नाही. बाटलीवर '३० सी' लिहिलेलं असतं, म्हणजे शंभरपट विरल करण्याची क्रिया तीसदा केलेली. बारा पायऱ्यांनंतरच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपत आलेली असते. तिसाव्या पायरीवर तो सापडणार नाही. होमिओपॅथीचे अभ्यासक यावर त्यांची उत्तरं देतात, पण रसायनशास्त्राला ती मान्य नाहीत. पुरावा प्रयोगांतून यावा लागेल. आणि प्रयोगांची अवस्था अशी: २०१४ मध्ये जनावरांवरच्या होमिओपॅथीच्या प्रयोगांचा मोठा आढावा घेतला गेला, तेव्हा काटेकोर निकषांवर विश्वासार्ह म्हणावेत असे दोनच प्रयोग उरले. हॉलंडमध्ये डुकरांच्या पिल्लांच्या हगवणीवर झालेल्या प्रयोगात औषधाचा गट सरस ठरला. नॉर्वेतल्या गाईंच्या कासदाहाच्या प्रयोगात औषध आणि खोटं औषध यांत फरक दिसला नाही. एवढ्या भांडवलावर कुठल्याही उपचाराला 'सिद्ध' म्हणता येणार नाही. डुकरांचा तो प्रयोग इतरांनी पुन्हा करून तसाच निकाल आला असता तर गोष्ट वेगळी होती.

मग शिकलेसवरलेले पशुवैद्य याकडे वळतात तरी का? त्यांना भोळे म्हणणं अन्यायाचं होईल. कासदाहाचंच घ्या. शेतकरी म्हणतो, 'कासेला दगडी झाली.' डॉक्टर चार खणांची पांढरी पाटी काढतो, प्रत्येक सडाच्या दोन-दोन धारा वेगळ्या खणात घेतो, तेवढंच जांभळट द्रावण ओततो आणि पाटी हळूहळू गोल फिरवतो. निरोगी सडाचं दूध पातळच राहतं, बाधलेल्याचं घट्ट होऊन बुळबुळीत गोळा होतो. कुठला सड गेलाय ते शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसतं. आता प्रतिजैविक सोडायचं, तर पुढचे काही दिवस त्या गाईचं दूध डेअरीला घालता येत नाही. दोन गाईंवर घर चालवणाऱ्याला ते परवडत नाही, म्हणून पुष्कळदा तो ते दूध घालतोच. प्रतिजैविकाचा अंश दादर-परळच्या चहात उतरतो आणि त्या औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात. 'दूध फेकावं न लागणारं औषध' म्हणून होमिओपॅथीला इथे मागणी आहे. युरोपच्या सेंद्रिय पशुपालनाच्या नियमांनी रासायनिक औषधांच्या आधी होमिओपॅथीला आणि वनौषधींना जागा दिली तीही याच चिंतेतून. चिंता खरी आहे. फक्त त्यावरचा उपाय चालतो की नाही हे सिद्ध करायचं राहिलं आहे, आणि तो चालला नाही तर गाईचा सड कायमचा जातो, हा धोका शेतकऱ्याच्या माथी येतो.

होमिओपॅथांकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र निश्चित आहे: त्यांची विचारपूस. कुत्रा पाणी एकदम पितो की घोटघोट, थंड फरशीवर पडतो की उन्हात, कुठल्या कुशीवर झोपतो, त्रास पहाटे वाढतो की संध्याकाळी, घरात कुणी नवीन आलंय का, कुणी गेलंय का. चांगला होमिओपॅथ यावर अर्धा-पाऊण तास घालवतो. गर्दीच्या ओपीडीत पशुवैद्याला पाच मिनिटं मिळतात. या प्रश्नांतून औषधाचं नाव निघतं यावर माझा विश्वास नाही, पण निदानाचे धागे निघतात याबद्दल शंका नाही. पाणी जास्त पिणारी कुत्री म्हटलं की मधुमेह, मूत्रपिंड, गर्भाशयातला पू अशी यादी पशुवैद्याच्या डोक्यात आपोआप उभी राहते. मालकाला ते विचारलं गेलं तरच ती उभी राहणार. ही सवय परळच्या इंटर्नला लागली तर त्यासाठी कुणी कुठल्या पंथाचं असण्याची गरज नाही.

दक्षिण मुंबईत आता पाळीव प्राण्यांसाठी सोयी वाढताहेत. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं मोठं रुग्णालय सुरू झालं. परळची ओपीडी तर भरलेलीच असते. म्हणजे रुग्ण आहेत, शिकलेले डॉक्टर आहेत, सूक्ष्मदर्शक आहेत, आणि एम.व्ही.एस्सी.ला दोन वर्षांत एक प्रबंध लिहावाच लागतो. थूजाच्या प्रश्नाचं उत्तर याच शहरात काढता येईल. तोंडात चामखिळी आलेली पिल्लं घ्यायची, मालकाची लेखी संमती घ्यायची, नैतिक समितीची मंजुरी घ्यायची. औषधाच्या आणि कोऱ्या बाटल्या सारख्याच दिसतील अशा भरून त्यांवर नुसते आकडे घालायचे आणि आकड्यांची किल्ली औषधनिर्मात्याकडे बंद ठेवायची. दर आठवड्याला एकाच अंतरावरून, एकाच उजेडात फोटो काढायचे आणि ज्याला बाटलीचा आकडाही माहीत नाही अशा तिसऱ्या माणसाकडून चामखिळी मोजून घ्यायच्या. पिल्लाचं वय आणि चामखिळी दिसल्याची पहिली तारीख आधीच नोंदवून ठेवायची, कारण जुन्या चामखिळी तशाही लवकर जाणार. मोजणी संपली की किल्ली उघडायची आणि आकडे जसे येतील तसे छापायचे, बी.एच.एम.एस. कॉलेजांनाही पाठवायचे. प्रबंधाला एक मार्गदर्शक पशुवैद्य हवाच. सहमार्गदर्शक म्हणून एखादा अनुभवी होमिओपॅथ बसवला तर औषध, पोटेन्सी आणि मात्रा निवडण्यात चूक झाली, असा आक्षेप घ्यायला मागाहून कुणाला जागा उरणार नाही.